घरावर प्राप्तिकराचा बोजा चढला आणि मागणी मान्य नसेल तर

दारावर जप्तीचा आदेश चिकटवलेला दिसला की माणूस तो कागद घेऊन थेट कर वसुली अधिकाऱ्याकडे धावतो आणि ‘हा कर मी देणेच लागत नाही’ हे त्याला पटवून देऊ लागतो. तो अधिकारी कितीही सज्जन असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २२४ प्रमाणे वसुली दाखल्यातील, म्हणजे थकबाकीचा आकडा लिहून त्याने स्वतः तयार केलेल्या कागदातील, रक्कम बरोबर की चूक हा वाद त्याच्यासमोर घालताच येत नाही. आकडेमोडीची किंवा लेखनाची चूक तो सुधारू शकतो, दाखला रद्दही करू शकतो, पण कर मुळात लागतो की नाही हे ठरवणे त्याचे काम नाही. घरावरचा बोजा हे साखळीचे शेवटचे टोक असते. पहिले टोक म्हणजे करनिर्धारणाचा, म्हणजे उत्पन्न आणि त्यावरचा कर ठरवणारा, आदेश, आणि भांडण तिथेच करावे लागते. शेवटच्या टोकाशी फक्त वेळ मिळवायचा असतो. ही दोन कामे वेगळी आहेत, दोन वेगळ्या टेबलांवरची आहेत आणि दोन्ही एकाच वेळी करावी लागतात, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मात्र त्याआधीच्या वर्षांची करनिर्धारणे आणि त्यांवरची अपिले १९६१ च्याच कायद्याने चालतात. आज घरापर्यंत पोचलेल्या मागण्या त्या जुन्या वर्षांच्या असल्याने या लेखात जुनी कलमे दिली आहेत. आपल्या कागदावर कोणता कायदा आणि कोणते कलम छापले आहे ते मात्र स्वतः पाहावे.

पहिली पायरी : कागद खरा आहे का, आणि तो कोणत्या टप्प्यावरचा आहे

१ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर, नोटिशीवर आणि आदेशावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे ‘डिन’, असावा लागतो. प्राप्तिकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉग-इन न करताही हा क्रमांक टाकून नोटीस खरी आहे का ते तपासता येते. फोनवरून ‘घराची जप्ती थांबवतो’ म्हणणाऱ्यांची सध्या कमतरता नाही, म्हणून ही दोन मिनिटे खर्च करावीतच.

त्यानंतर कागदाचा टप्पा ओळखावा. कलम १४३(१) ची सूचना असेल तर ती संगणकाने केलेली तपासणी आहे. कलम १४३(३), १४४ किंवा १४७ चा आदेश असेल तर अधिकाऱ्याने उत्पन्न ठरवलेले आहे. कलम १५६ ची नोटीस म्हणजे प्रत्यक्ष मागणी. ती मिळाल्यापासून साधारणपणे ३० दिवसांत रक्कम भरायची असते आणि न भरल्यास त्या रकमेवर दरमहा १ टक्का व्याज चढते, ज्यात महिन्याचा एखादा दिवस असला तरी तो पूर्ण महिना धरला जातो. त्यापुढचा टप्पा वसुली दाखल्याचा. कर वसुली अधिकारी आधी १५ दिवसांत रक्कम भरण्याची नोटीस देतो आणि ती मुदत उलटली की कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे जंगम, स्थावर असे काहीही जप्त करू शकतो. बँक खाते तर त्याच्याही आधी, कलम २२६(३) खाली, गोठवले गेलेले असू शकते.

एक वेगळा प्रकार कलम २८१ब चा असतो. करनिर्धारण अजून चालूच असताना महसुलाच्या रक्षणासाठी केलेली ही तात्पुरती जप्ती असते. ती मुळात ६ महिन्यांची असते, वरिष्ठांच्या मंजुरीने वाढते, आणि पुरेशी बँक गॅरंटी दिल्यास उठवता येते. तिला थकबाकीची जप्ती समजून घाबरू नये.

दुसरी पायरी : मागणी कशातून उभी राहिली ते शोधणे

घरमालकांच्या बाबतीत मागणीचे मूळ पुष्कळदा घराच्याच व्यवहारात सापडते. दुय्यम निबंधक ३० लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर व्यवहाराची माहिती विभागाला दरवर्षी कळवतो. ज्या व्यक्तीच्या पॅनवर खरेदी दिसते पण विवरणपत्र दिसत नाही, तिच्या नावाने यंत्रणा प्रश्न विचारते. पतिपत्नीच्या संयुक्त नावावरच्या घरात हा घोळ हमखास होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. डोंबिवलीत ५२ लाखांचा फ्लॅट दोघांच्या नावावर घेतला. ३८ लाख गृहकर्ज, ९ लाख पतीच्या भविष्य निर्वाह निधीतून, ५ लाख जुनी खोली विकून आलेले. पत्नीला स्वतंत्र उत्पन्न नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. पॅन काढताना दिलेला ई-मेल पूर्वीच्या एका कर सल्लागाराचा. सगळ्या नोटिसा तिकडे गेल्या, कोणी उत्तर दिले नाही, आणि अधिकाऱ्याने कलम १४४ खाली, समोर असलेल्या माहितीवरून, पूर्ण ५२ लाख रुपये पत्नीची कलम ६९ खालची ‘अस्पष्टीकृत गुंतवणूक’ धरले. अशा रकमेवर त्या वर्षांसाठी कलम ११५बबई प्रमाणे ६० टक्के कर, करावर २५ टक्के अधिभार आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७८ टक्के. ५२ लाखांवर ४० लाख ५६ हजार रुपये, तेही व्याज आणि दंड बाजूला ठेवून. भरायला उशीर झाला तर कलम २२०(२) चे व्याज त्यावर दरमहा ४० हजार ५६० रुपये. कर चुकवलेला नाही, पैशाचा प्रत्येक रुपया बँकेच्या खात्यांतून गेलेला आहे, तरीही घराच्या किमतीच्या तीन चतुर्थांशाहून मोठी मागणी उभी राहिली, कारण उत्तर द्यायला कोणी गेले नाही.

दुसरे नेहमीचे मूळ म्हणजे रेडी रेकनर. करारातली किंमत आणि मुद्रांक शुल्कासाठी धरलेली किंमत यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर विक्रेत्याच्या बाबतीत कलम ५०क आणि खरेदीदाराच्या बाबतीत कलम ५६(२) खाली तो फरक विचारात घेतला जातो. जुनी इमारत, भाडेकरू, रस्ता नसलेला भूखंड अशा कारणांनी खरी किंमत कमी असेल तर प्रकरण विभागीय मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. ती करनिर्धारण चालू असतानाच लेखी करावी. लोक नेमके हेच विसरतात.

याशिवाय चुकीच्या वर्षाचे चलन, न जुळलेला टीडीएस, आणि जुन्या काळच्या किरकोळ मागण्या असतात. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या वर्षांच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १० हजार रुपयांपर्यंतच्या मागण्या रद्द करण्याची घोषणा झाली होती. पुढे त्याला एका करदात्यामागे एक लाखाची मर्यादा घातली गेली. आपली मागणी त्या वयाची असेल तर ती पोर्टलवर अजून का दिसते आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

पोर्टलवर ‘पेंडिंग ॲक्शन्स’ खाली ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ असा भाग आहे. तिथे वर्षागणिक प्रत्येक मागणी दिसते. मान्य नसेल तर ‘असहमत’ निवडून कारण आणि रक्कम द्यावी. हे उत्तर म्हणजे अपील नव्हे आणि स्थगितीही नव्हे, पण ते दिले नाही तर पुढच्या वर्षांचा परतावा कलम २४५ खाली परस्पर वळता होण्याचा मार्ग मोकळा होतो. त्याच बैठकीत पोर्टलवरचा आपला ई-मेल आणि मोबाइल स्वतःचा करून घ्यावा. सल्लागार बदलतात, नोटिसा मात्र जुन्याच पत्त्यावर जात राहतात.

तिसरी पायरी : दुरुस्ती, अपील की पुनरीक्षण

चूक कागदावर उघड दिसणारी असेल, उदाहरणार्थ भरलेला कर जमेस धरलेला नाही किंवा बेरीज चुकली आहे, तर कलम १५४ खाली दुरुस्ती अर्ज पुरतो. ज्या आर्थिक वर्षात आदेश झाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत तो करता येतो. यात एक सापळा आहे. दुरुस्ती अर्जाच्या उत्तराची वाट पाहताना अपिलाची मुदत थांबत नाही. वाद थोडासाही तथ्यांचा किंवा कायद्याचा असेल तर अपील करूनच ठेवावे.

अपील प्राप्तिकर आयुक्त (अपील) यांच्याकडे, फॉर्म ३५ मध्ये, पोर्टलवरूनच करायचे असते. मुदत मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस. शुल्क ठरवलेल्या उत्पन्नावर अवलंबून २५०, ५०० किंवा १,००० रुपये. दोन लाखांपेक्षा अधिक उत्पन्न ठरवले असल्यास १,०००. लाखोंच्या मागणीविरुद्ध हजार रुपयांत दाद मागता येते, ही या कायद्यातली थोडी चांगली गोष्ट म्हणावी लागेल. मुदत उलटली असेल तरीही अपील दाखल करावे आणि सोबत विलंब माफीचा अर्ज, तारीखवार कारणांसह, जोडावा. ‘नोटीस मिळाली नाही’ एवढे वाक्य पुरत नाही. ई-मेल कोणाचा होता, आदेशाची माहिती प्रथम कशी आणि कोणत्या तारखेला मिळाली, त्यानंतर किती दिवसांत काय केले, हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे.

फॉर्म ३५ मध्ये वस्तुस्थितीचे निवेदन १,००० शब्दांत आणि अपिलाचा प्रत्येक मुद्दा १०० शब्दांत मांडायचा असतो. नवखे लोक इथे आजारपण, मुलांची शिक्षणे आणि अधिकाऱ्याचा अन्याय हे सारे भरतात. वरच्या उदाहरणातल्या गृहिणीने लिहायचे ते एवढेच : ५२ लाखांपैकी ३८ लाख अमुक बँकेने थेट बिल्डरला दिले, वितरणपत्र जोडले आहे, ९ लाख पतीच्या निर्वाह निधीतून अमुक तारखेला त्यांच्या खात्यात जमा होऊन अमुक धनादेशाने गेले, ५ लाख खोलीच्या विक्रीतून आले, नोंदणीकृत दस्त आणि सूची क्रमांक दोन जोडली आहे, पती याच व्यवहाराच्या वर्षात विवरणपत्र भरत होते. पैसा कोठून निघाला आणि कोठे पोचला याची रेघ बँक पासबुकात बोट ठेवून दाखवता आली, की कलम ६९ चा पायाच उरत नाही.

हे पुरावे करनिर्धारणाच्या वेळी दिलेले नसल्याने नियम ४६अ खाली अतिरिक्त पुरावा स्वीकारण्याची विनंती वेगळी करावी लागते आणि तेव्हा का देता आले नाहीत याचे कारण द्यावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून, कलम १४४ खालचा एकतर्फी आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा करनिर्धारण अधिकाऱ्याकडे पाठवण्याचा अधिकारही अपील आयुक्तांना मिळाला आहे.

आणखी एक अट पुष्कळ अपिले दारातच अडवते. विवरणपत्र भरलेले असेल तर त्यात कबूल केलेल्या उत्पन्नावरचा कर भरलेला हवा. विवरणपत्र भरलेच नसेल तर देय अग्रिम कराइतकी (वर्ष चालू असतानाच भरायच्या ॲडव्हान्स टॅक्सइतकी) रक्कम भरलेली हवी, किंवा त्यातून सूट मिळण्यासाठी कारणांसह अर्ज हवा. करपात्र उत्पन्नच नव्हते, म्हणून अग्रिम कर लागतच नव्हता, हे फॉर्मच्या त्या रकान्यात स्पष्ट लिहावे. रकाना रिकामा ठेवू नये.

अपील करायचेच नसेल तर कलम २६४ खाली प्रधान आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा, म्हणजे आदेश पुन्हा तपासण्याचा, अर्ज एक वर्षाच्या आत, ५०० रुपये शुल्क भरून करता येतो. मात्र अपिलाची वाट त्यासाठी सोडून द्यावी लागते, आणि बहुतेक घरमालकांना तो सौदा परवडत नाही.

चौथी पायरी : स्थगिती

अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे. फॉर्म ३५ ची पावती मिळाली की त्याच आठवड्यात करनिर्धारण अधिकाऱ्याकडे कलम २२०(६) खाली स्थगितीचा अर्ज द्यावा आणि त्याची प्रत कर वसुली अधिकाऱ्याकडेही पोचवावी. कलम २२५ प्रमाणे तो वसुलीला मुदत देऊ शकतो किंवा ती थांबवू शकतो; त्याच्या टेबलावर न्यायचा कागद हाच.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २९ फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकाने वादातील मागणीच्या १५ टक्के रक्कम भरल्यास अपील निकाली निघेपर्यंत स्थगिती देण्याचा दंडक घातला; ३१ जुलै २०१७ रोजी तो २० टक्के झाला. उदाहरणातल्या कुटुंबाला म्हणजे ८ लाख ११ हजार २०० रुपये. पण हे २० टक्के दगडावरची रेघ नाही. त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर त्याआधीच, २००१ च्या केईसी इंटरनॅशनल आणि २०१२ च्या यूटीआय म्युच्युअल फंड या निकालांत, स्थगितीचा अर्ज कारणे देऊन निकाली काढावा आणि करदात्याला वर दाद मागायला वेळ ठेवावा, असे विभागाला बजावले आहे. महाराष्ट्रातल्या अर्जदाराने या दोन निकालांचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

अर्जात तीन गोष्टी हव्यात : प्रथमदर्शनी आपली बाजू बळकट का आहे, एवढी रक्कम आत्ता भरणे का शक्य नाही आणि घर विकले गेल्यास भरून न येणारे नुकसान कोणते. दुसऱ्या मुद्द्यासाठी पगारपत्रक, खात्याचे उतारे, कर्जाचे हप्ते जोडावेत. काही रक्कम भरता येत असेल तर तिचा आकडा आणि तारखा स्वतःहून द्याव्यात. ‘दरमहा २५ हजार, प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेपर्यंत’ असा ठोस प्रस्ताव आणि पहिल्या हप्त्याचे चलन सोबत असलेला अर्ज नाकारणे अधिकाऱ्याला जड जाते. अर्ज फेटाळला तर प्रधान आयुक्तांकडे फेरविचारासाठी जावे, तिथेही न जमल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. स्थगिती मिळताच तिची प्रत बँकेला आणि वसुली अधिकाऱ्याला हातोहात देऊन पोच घ्यावी. एका टेबलावरचा आदेश दुसऱ्या टेबलावर आपण होऊन चालत जात नाही.

पहिल्या अपिलात हरल्यास प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी येथे त्याची खंडपीठे बसतात. आता अपिलाची मुदत आदेश मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने आहे. न्यायाधिकरणही स्थगिती देते, पण कायद्यानेच २० टक्के भरणा किंवा तेवढे तारण मागितले आहे.

पाचवी पायरी : जप्ती झालीच असेल तर

स्थावर मिळकतीची जप्ती म्हणजे लगेच घराबाहेर काढणे नव्हे. घर विकू नये, दान देऊ नये, गहाण टाकू नये, असा तो मनाई आदेश असतो. त्याची प्रत मिळकतीवर आणि वसुली कार्यालयाच्या फलकावर लागते. दवंडी पिटण्याची तरतूद कायद्यात आजही शिल्लक आहे. फ्लॅट असेल तर सोसायटीला आणि दुय्यम निबंधकाला पत्र जाते. जमीन असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात, नगर भूमापनाच्या हद्दीत मिळकत पत्रिकेवर, बोजाची नोंद होते. जप्तीचा परिणाम १५ दिवसांच्या नोटिशीच्या तारखेपासून मागे लागू होतो, त्यामुळे मधल्या काळात घाईने केलेला व्यवहार टिकत नाही.

‘बायकोच्या नावावर करून टाका’ हा सल्ला देणारे प्रत्येक सोसायटीत एकदोन असतात. १ जून १९७३ नंतर पुरेसा मोबदला न घेता पतीपत्नी, अज्ञान मूल, सून किंवा मुलाचे अज्ञान मूल यांच्या नावे केलेली मिळकत वसुलीसाठी थकबाकीदाराचीच धरली जाते. कलम २८१ तर कार्यवाही प्रलंबित असतानाची हस्तांतरणेही निष्प्रभ ठरवते. मात्र त्या कलमाखाली हस्तांतरण रद्द ठरवण्याचा अधिकार कर वसुली अधिकाऱ्याला स्वतःला नाही, त्यासाठी विभागाने दिवाणी दावा लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या एका प्रकरणात १९९८ साली ठरवले. प्रामाणिकपणे पूर्ण किंमत मोजून घर घेतलेल्या खरेदीदाराला याचा आधार मिळतो.

घरात दुसऱ्याचाही हिस्सा असेल तर त्या हिस्सेदाराने, स्वतःच्या नावाने, दुसऱ्या अनुसूचीच्या नियम ११ खाली हरकत दाखल करावी. नोटिशीच्या तारखेला आपला हक्क किंवा ताबा होता हे त्याने दाखवायचे असते : खरेदीखत, सोसायटीचे भाग (शेअर) प्रमाणपत्र, आपल्या खात्यातून गेलेले हप्ते. हरकत फेटाळली तर दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. थकबाकीदार वारला असेल तर वारसांची जबाबदारी त्यांना वारशाने मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. स्वतःच्या कमाईच्या घराला त्यांनी हात लावू देऊ नये. वसुली अधिकाऱ्याच्या आदेशावर ३० दिवसांत नियम ८६ खाली वरिष्ठांकडे अपील आहे. घर राहते आहे एवढ्यावरून मात्र जप्ती टळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतली सूट शेतकरी, मजूर आणि घरगड्याच्या राहत्या घराला आहे.

लिलावाचा जाहीरनामा लागल्यावर विक्रीपूर्वी किमान ३० दिवस जावे लागतात. या दिवसांत नियम ६६ कामाला येतो. गहाण टाकून, भाड्याने देऊन किंवा खासगी विक्री करून रक्कम उभी करता येईल, असे पटवून दिले तर अधिकारी लिलाव पुढे ढकलून तसा दाखला देऊ शकतो. स्वतः गिऱ्हाईक शोधून विकलेल्या घराला लिलावापेक्षा बरी किंमत येते, म्हणून वाद हरण्याची चिन्हे असतील तर हा अर्ज अभिमान बाजूला ठेवून करावा. लिलाव होऊन गेला तरी ३० दिवसांत थकबाकी, व्याज आणि खरेदीदारासाठी खरेदी रकमेच्या ५ टक्के जमा केल्यास विक्री रद्द करून घेता येते.

शेवटची पायरी : बोजा उतरवणे

अपिलात मागणी रद्द झाली किंवा रक्कम भरून संपली, की जप्ती उठली पाहिजे. पण नोंद आपोआप पुसली जात नाही. आधी करनिर्धारण अधिकाऱ्याकडून अपिलाच्या निकालाची अंमलबजावणी करणारा आदेश मिळवावा आणि पोर्टलवर मागणी शून्य झाली का ते पाहावे. मग कर वसुली अधिकाऱ्याकडून जप्ती उठवल्याचा लेखी आदेश घ्यावा. त्याच्या प्रती सोसायटीला, दुय्यम निबंधकाला, बँकेला द्याव्यात. जमिनीच्या बाबतीत तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि शहरात नगर भूमापन कार्यालय, यांच्याकडे बोजा कमी करण्याच्या फेरफारासाठी अर्ज करून पोच घ्यावी. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून ‘इतर हक्क’ रकाना डोळ्यांनी वाचावा, आणि जुना व नवा असे दोन्ही उतारे आदेशासोबत खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवावेत, कारण दहा वर्षांनी घर विकताना खरेदीदाराचा वकील शोध अहवालात ती जुनी नोंद काढतो आणि नेमके तेच कागद मागतो.